युद्धकैद्याच्या अंगावर नक्की कोणते कपडे असतात? (शाळेच्या नाटकाची ऑर्डर आहे, पक्की माहिती हवी)

सुईदोरा (सोलापूर) | ६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं गणवेश शिवायचं युनिट आहे. शाळा, दवाखाने, सिक्युरिटीवाले अशा सगळ्यांचे कपडे आमच्याकडून जातात. यंदा एका शाळेची वेगळीच ऑर्डर आली आहे. १६ डिसेंबरला विजय दिवस. मुलं १९७१च्या युद्धावर नाटक बसवतायत. त्यात तीन प्रवेश: ढाक्याची शरणागती, मग आपल्याकडची युद्धकैद्यांची छावणी, आणि शेवटी पाकिस्तानच्या ताब्यातले आपले जवान वाघ्यावरून (वाघा सरहद्दीवरून) परत येतात तो.

पहिल्या प्रवेशाचं ठरलं. बाकीच्या दोन्हींसाठी शाळेनं सॅम्पल म्हणून नेटवरचा फोटो पाठवला. पांढऱ्यावर काळे आडवे पट्टे, छातीवर नंबर, डोक्याला तसलीच गोल टोपी. कापडही मिळालं, पट्टे जुळवून मार्किंगही झालं. पण आमच्या कटिंग मास्टरनं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "मालक, हे जेलातल्या चोराचे कपडे झाले. फौजी माणूस लढताना सापडला तर त्याला हे का घालायचं?"

मला त्याचं पटलं, पण शाळेला सांगायचं तर नुसतं पटून भागत नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, माहिती पक्की आणा, आम्ही बदलतो. तेव्हा जाणकारांनी सांगावं: कैद्याचे कपडे बदलतात का? बदलले तर कोण देतं? आणि सुटकेच्या दिवशी तो काय घालून येतो?

बार्शीचा_जवान | ६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

तुमच्या मास्टरला माझा सलाम सांगा. बरोबर बोलला गडी.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. भरतीनंतर लगेच शिकवतात की शत्रूच्या हाती लागलास तर चारच गोष्टी सांगायच्या: नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. यात हुद्दा आहे बघा. म्हणजे सापडला तरी नाईक हा नाईकच आणि सुभेदार हा सुभेदारच राहतो. त्यानं गुन्हा केलेला नाही. आपल्या देशासाठी लढला आणि नशिबानं पकडला गेला, एवढंच. पट्ट्याचे कपडे घालून पोरं स्टेजवर आली तर समोर बसलेल्या माजी सैनिकांना वाईट वाटेल. आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

न्यायप्रिया | ६ नोव्हेंबर, रात्री ११.०५

वकिलीच्या अंगानं लिहिते. १९४९चा तिसरा जिनिव्हा करार पूर्णपणे युद्धकैद्यांबद्दल आहे. भारत आणि पाकिस्तान दोघांनाही तो लागू आहे, १९७१लाही होता.

कलम १८: पकडल्यावर शस्त्रं, लष्करी साहित्य आणि लष्करी कागदपत्रं काढून घेता येतात. अंगावरचे कपडे, जेवणाची भांडी आणि स्वतःच्या वापराच्या वस्तू कैद्याकडेच राहतात, मग ते कपडे सरकारी गणवेशाचा भाग का असेनात. लोखंडी हेल्मेट आणि गॅस मास्कसुद्धा काढून घ्यायचे नाहीत, कारण ते जीव वाचवण्यासाठी असतात. हुद्द्याची चिन्हं, देशाचं चिन्ह, पदकं आणि ज्या वस्तूंशी माणसाचा जीव गुंतलेला असतो त्या, यांना हात लावायचा नाही. कलम ४० पुन्हा वेगळं सांगतं की हुद्द्याची चिन्हं आणि पदकं लावायची मुभा असलीच पाहिजे.

कलम २७ तुमच्या धंद्याचं आहे, सुईदोरा. पकडणाऱ्या देशानं कपडे, आतले कपडे आणि पायताण पुरेशा संख्येनं द्यायचं, आणि तेही तिथली हवा बघून. कपडे फाटले तर दुरुस्ती आणि बदली नियमानं करायची. काम करणाऱ्याला त्या कामाचे कपडे द्यायचे. पकडणाऱ्याच्या हाती शत्रूच्या गणवेशांचा साठा लागला असेल आणि तो तिथल्या हवेला चालत असेल, तर तोच कैद्यांना वाटावा असंही त्यात आहे. म्हणजे शक्यतो माणसाला त्याच्याच फौजेचे कपडे मिळावेत.

आणखी एक. कलम २२नुसार युद्धकैद्याला साध्या तुरुंगात ठेवता येत नाही, त्याच्याच हिताचं असेल असा अपवाद सोडून. त्याला पकडलेलं असतं ते पुन्हा लढायला जाऊ नये म्हणून. ती शिक्षा नाही. तेव्हा तुरुंगाचे कपडे देण्याचा प्रश्नच येत नाही.

सुईदोरा | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

ताई, फार मोलाचं लिहिलंत. कलम २७ मास्टरला वाचून दाखवलं. त्यानं एकच विचारलं, "मग दुरुस्ती कोण करत असेल?"

आणि मला दुसरी शंका आहे. पट्ट्यांचे कपडे घातलेल्या सैनिकांचे फोटो मी पाहिलेत असं वाटतं. ते कुठले?

इतिहासवेडा | ७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

तुम्ही पाहिलेले फोटो दोन ठिकाणचे असू शकतात.

एक म्हणजे नाझी जर्मनीच्या छळछावण्या. ते उभ्या पट्ट्यांचे कपडे ज्यू आणि इतर बंद्यांचे. जर्मनीच्या युद्धकैदी छावण्या वेगळ्या होत्या आणि तिथले ब्रिटिश-अमेरिकन सैनिक स्वतःच्या गणवेशात असत. पुष्कळदा लोक या दोन्ही एकच समजतात.

दुसरं ठिकाण उत्तर व्हिएतनाम. हनोईच्या तुरुंगात ठेवलेल्या अमेरिकन वैमानिकांना पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे आणि टायरच्या रबराच्या चपला दिल्या होत्या. का? तर उत्तर व्हिएतनामनं त्यांना युद्धकैदी मानायलाच नकार दिला होता. हे गुन्हेगार आहेत, करार यांना लागू नाही, अशी त्यांची भूमिका होती. एकदा गुन्हेगार ठरवलं की गणवेश उतरवून तुरुंगाचे कपडे आलेच. तुमच्या मास्टरला जे खटकलं ते नेमकं हेच आहे.

त्याच छावणीतली एक गोष्ट शिवणाऱ्या माणसाला कळेल. माइक ख्रिश्चन नावाच्या कैद्यानं बांबूच्या काडीची सुई केली आणि मिळतील त्या रंगीत चिंध्या जोडून शर्टाच्या आतल्या बाजूला आपला झेंडा शिवला. रोज संध्याकाळी तो शर्ट उलटा करून भिंतीला टांगायचा आणि सगळे त्याला मानवंदना द्यायचे. पहारेकऱ्यांना सापडल्यावर त्याला बेदम मारलं. त्याच रात्री सुजलेल्या डोळ्यांनी त्यानं पुन्हा सुई हातात घेतली. ही हकिकत त्याच्याबरोबर कैदेत असलेल्या जॉन मॅकेन यांनी नंतर जाहीरपणे अनेकदा सांगितली.

फेब्रुवारी १९७३पासून ५९१ अमेरिकनांची सुटका झाली. तेव्हा व्हिएतनामनं त्यांना नवेकोरे साधे कपडे, बूट आणि हातात छोटी बॅग देऊन विमानात बसवलं. जगाचे कॅमेरे समोर असताना पट्ट्यांचे पायजमे कोण दाखवणार?

सुईदोरा | ७ नोव्हेंबर, दुपारी २.१०

मग कैदी ओळखायचा कसा? स्वतःच्याच कपड्यांत असला तर पळून जाणं सोपं नाही का?

इतिहासवेडा | ७ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

म्हणून खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ठेवलेल्या जर्मन आणि इटालियन कैद्यांच्या शर्टाच्या पाठीवर आणि पँटच्या पायांवर रंगानं मोठी 'पीडब्ल्यू' (प्रिझनर ऑफ वॉर, म्हणजे युद्धकैदी) अक्षरं काढलेली असत. ब्रिटनमध्ये इटालियन कैदी शेतावर कामाला जायचे. त्यांना सैनिकी बॅटलड्रेसच देत, पण चॉकलेटी रंगात रंगवलेला, आणि त्यावर पाठीला व मांडीला वेगळ्या रंगाच्या कापडाचे मोठे गोल जोडलेले. शेतातून पळाला तरी लांबून दिसावा.

मास्टरच्या प्रश्नाचं उत्तर: दुरुस्ती बहुतेक कैदीच करत. इतक्या माणसांत शिंपी, चांभार, न्हावी, आचारी असतातच. छावणीच्या अशा कामावर त्यांना लावायला करारानं परवानगी आहे, आणि मजुरीही द्यावी लागते.

पूर्वभाग | ७ नोव्हेंबर, रात्री ९.००

आमचं घर पद्मशाली, तीन पिढ्या मागावर. चादरी, टॉवेल. म्हणून विचारतो, कैद्यांना पांघरायला काय देत? आणि ते पांघरूण अंगात घालायला वापरत असतील का? थंडीत मागाजवळ बसताना आमचे आजोबा चादरच शिवून अंगात घालायचे.

इतिहासवेडा | ७ नोव्हेंबर, रात्री १०.३०

वापरत, आणि पळून जाण्यासाठीही वापरत.

जर्मनांच्या ताब्यातल्या सागान इथल्या छावणीतून (गाव आता पोलंडमध्ये आहे) मार्च १९४४मध्ये ७६ वैमानिक भुयारातून निसटले. त्याआधी कित्येक महिने टॉमी गेस्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली छावणीत गुपचूप शिवणखातं चालू होतं. कांबळी आणि हवाई दलाचे जुने गणवेश उसवायचे, कॉलर आणि खिसे बदलायचे, बुटांचं पॉलिश, बीटचा रस असल्या गोष्टींनी रंगवायचं, आणि त्यातून साध्या माणसाचा कोट तयार करायचा. जर्मन सैनिकांचे खोटे गणवेशही शिवले.

सुईदोरा, ही खास तुमच्यासाठी. भुयारातली माती पिवळी होती आणि वरची करडी. बाहेर टाकली की लगेच दिसायची. म्हणून त्यांनी लांब पिशव्या शिवल्या, पँटच्या आत दोन्ही पायांत एकेक सोडली आणि तोंडाला पिन लावून तिची दोरी खिशात आणली. अंगणात फिरताना दोरी ओढली की माती पायाशी हळूहळू सांडायची आणि चालता चालता ती पायानं मिसळून टाकायची. माती वाहणाऱ्यांची चाल जड व्हायची म्हणून त्यांना पेंग्विन म्हणत.

७६पैकी ७३ पुन्हा पकडले गेले आणि हिटलरच्या हुकुमानं ५०जणांना गोळ्या घातल्या. हा उघड खून होता. पळून जाणाऱ्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा करता येते, हा नियम तेव्हाच्या १९२९च्या करारातही होता. युद्धानंतर त्यावर खटले चालले आणि गुन्हेगारांना फाशी झाली.

न्यायप्रिया | ७ नोव्हेंबर, रात्री ११.१५

पुस्ती जोडते. १९४९च्या करारात कलम ९३ आहे. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटी कागदपत्रं वापरली, आणि कुणाच्या जिवाला धक्का लावला नाही, तर कैद्यावर फक्त शिस्तीची कारवाई. तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. सैनिकानं सुटायचा प्रयत्न करणं हा कायद्याच्या नजरेत गुन्हा नाही, आणि मला हे कलम त्या अख्ख्या करारात सगळ्यात माणुसकीचं वाटतं.

बार्शीचा_जवान | ८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

मग आपल्या पारुलकरसाहेबांचं नाव यायलाच पाहिजे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुलकर. १० डिसेंबर १९७१ला त्यांचं सुखोई-७ लाहोरजवळ पाडलं गेलं. रावळपिंडीच्या छावणीत होते. खोलीच्या भिंतीला आतून भोक पाडून १३ ऑगस्ट १९७२च्या पहाटे ते, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले. अंगात तिकडच्या माणसांसारखे कपडे. बसनं पेशावर, तिथनं पुढे खैबरच्या रस्त्यानं लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाणिस्तानची सरहद्द चार-पाच मैलांवर राहिली होती! तिथं त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. ते स्टेशन कधीच बंद पडलेलं. गावातल्या माणसाला संशय आला आणि पकडले गेले.

कपडे जमले होते, भाषा जमली होती, पण नकाशा जुना होता. १ डिसेंबर १९७२ला बाकीच्यांबरोबर तेही वाघ्यावरून घरी आले. तुमच्या तिसऱ्या प्रवेशाचा दिवस तोच आहे, सुईदोरा. त्या दिवशी सहाशेच्या वर आपली माणसं परत आली. शाळेतल्या पोरांना हे नाव ठाऊक पाहिजे.

इतिहासवेडा | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

जवानकाका, उत्तम. आपल्या भागाशी धागा असलेली आणखी एक सुटका आठवली. हाइनरिश हारर आणि त्याचे साथीदार आधी अहमदनगर, मग देवळालीच्या तारेत होते. नंतर डेहराडूनला हलवलं. हे जर्मन-ऑस्ट्रियन नागरिक होते, सैनिक नव्हेत, पण युद्धामुळे इंग्रजांनी अडकवून ठेवलेले. २९ एप्रिल १९४४ला सात जण भर दिवसा फाटकातून चालत बाहेर पडले. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेश केला, हातात छडी आणि नकाशांची गुंडाळी. बाकीचे हिंदी मजुरांच्या वेशात, डोक्याला मुंडासं, खांद्यावर शिडी आणि काटेरी तार. पहारेकऱ्यानं साहेबांना सलाम ठोकला.

त्यानं माणसं पाहिलीच नाहीत, कपडे पाहिले.

वेळापूरकर | ८ नोव्हेंबर, दुपारी १२.५०

धागा कालपासून वाचतेय. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि कूतला पकडले गेले. घरात फोटो नाही, पदक नाही. पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले की "बूट गेले म्हणून माणसं गेली." लहानपणी याचा अर्थ कळत नव्हता. इतिहासवेडा, तुम्हाला काही माहीत आहे का?

इतिहासवेडा | ८ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

ताई, तुमच्या घरानं नेमकी तीच गोष्ट जपली आहे.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथं सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५मध्ये वेढा घातला. त्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, बहुसंख्य हिंदी. उपासानं आधीच खंगलेल्या या माणसांना भर उन्हाळ्यात बगदाद, समारा, मोसुलमार्गे रास-अल-ऐनकडे वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत पहारेकऱ्यांनी आणि लुटारूंनी बूट, कांबळी, पाण्याच्या बाटल्या हिसकावल्या. जे उरलं ते माणसांनी मूठभर धान्यासाठी विकलं. तापलेल्या वाळूवर अनवाणी, पायांना चिंध्या बांधून चालायचं. मागे पडला तो संपला. पोचले त्यातल्या पुष्कळ हिंदी सैनिकांना तिथल्या रेल्वेच्या कामावर जुंपलं. ३० ऑक्टोबर १९१८च्या युद्धबंदीनंतर वाचलेले सुटले.

करारात कपड्यांच्या बरोबरीनं पायताणाचा उल्लेख वेगळा केलेला आहे, तो अशा अनुभवांतून आला आहे.

वेळापूरकर | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.०५

आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं तीन पलटणींचे आकडे वहीत लिहून घेतले. खूप आभार.

कोरडवाहू | ८ नोव्हेंबर, रात्री ८.३०

सगळं वाचलं. एक प्रश्न मोकळेपणानं विचारतो. आपण ९३,००० माणसं पकडली, हे दरवर्षी अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. पण त्यांना सोडलं कधी? युद्ध १६ डिसेंबर १९७१ला संपलं, आणि शेवटचा गट गेला एप्रिल १९७४मध्ये. लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडावं असं करारच म्हणतो ना? नाटकाच्या दुसऱ्या प्रवेशात हे येणार आहे का?

न्यायप्रिया | ८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

प्रश्न रास्त आहे. कलम ११८ तसंच सांगतं आणि त्यावरून भारतावर टीका झाली होती. भारताचं म्हणणं असं की पूर्वेकडची शरणागती भारत आणि बांगलादेशाच्या संयुक्त दलांपुढे झाली, तेव्हा बांगलादेशाला वगळून सोडता येणार नाही. आणि पाकिस्तान बांगलादेशाला मान्यताच देत नव्हता. तिकडे पाकिस्तानात हजारो बंगाली अडकून होते, इकडे बांगलादेशाला १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल १९७२च्या डिसेंबरातच झाली. पूर्वेकडच्यांसाठी २८ ऑगस्ट १९७३चा दिल्ली करार व्हावा लागला. सप्टेंबरपासून गाड्या सुटायला लागल्या आणि ३० एप्रिल १९७४ला ढाक्यात शरण आलेले पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी वाघ्यावरून गेले. १९५ जणांचे खटले शेवटी सोडून दिले.

माझं मत विचाराल तर राजकारण समजू शकतं, पण साध्या शिपायाला दोन वर्षांहून जास्त थांबावं लागलं हे जड आहे. त्या ९३,०००मध्ये सैनिकांखेरीज निमलष्करी दलं आणि नागरिकही होते.

बार्शीचा_जवान | ८ नोव्हेंबर, रात्री १०.००

ताई, कायदा तुम्हाला जास्त कळतो. पण बांगलादेशात त्या फौजेनं जे केलं ते बघता लगेच सोडणं कुणाला जमलं नसतं. आणि आपले १९७१चे ५४ बेपत्ता जवान-अधिकारी अजून परत आलेले नाहीत. त्यांच्या बायका वाट बघून म्हाताऱ्या झाल्या. तेही कुणीतरी पोरांना सांगावं.

कोरडवाहू | ८ नोव्हेंबर, रात्री १०.२०

जवानकाका, तुमचं दुःख मी नाकारत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही सांगाव्यात एवढंच माझं म्हणणं.

पूर्वभाग | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.००

थोडं अवांतर. आपल्या सोलापुरातही तारेचं कुंपण होतं, हे नव्या पिढीला ठाऊक नाही. सेटलमेंट. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींना इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवून आत ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही, आणि आमच्या मिलांत मजुरीला न्यायचं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. त्यांना तर कुठला करारही नव्हता. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव त्यातनंच आलं.

इतिहासवेडा | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

अवांतर मुळीच नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

सुईदोरा, तुमचा शेवटचा प्रश्न होता सुटकेच्या दिवशीच्या कपड्यांचा. त्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते कोरियाबद्दल, कारण तिथं आपला मराठी माणूस होता.

कोरियातलं युद्ध थांबल्यावर १९५३च्या ऑगस्ट ते डिसेंबरात तिथल्या पानमुनजोमला कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. अमेरिकनांकडून ७५,०००हून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन परत गेले. ट्रक सीमेजवळ आले की कैदी उठून उभे राहायचे आणि अमेरिकनांनी दिलेले बूट, शर्ट, पँट अंगावरून ओरबाडून रस्त्यावर फेकायचे. कित्येक जण नुसत्या चड्डीवर, घोषणा देत घरी गेले. रस्त्याच्या कडेला कपड्यांचा खच पडलेले फोटो उपलब्ध आहेत. शत्रूचं सूतही अंगावर घेऊन जायचं नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. मनापासून केलं की घरी गेल्यावर संशय येऊ नये म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत. पण कपड्यांनी एवढं मोठं बोललेलं मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही.

आणि २२,०००हून जास्त कैदी असे होते ज्यांना परत जायचंच नव्हतं. त्यांना सांभाळायला भारतानं फौज पाठवली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरचे. दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी तळ ठोकला, त्याचं नाव हिंद नगर. एकेका कैद्याला तंबूत नेऊन त्याच्या देशाच्या माणसांसमोर विचारायचं, परत जायचंय का? बाहेर हजारो कैदी भडकलेले, आणि आपल्या जवानांनी शक्य तिथवर बंदूक न वापरता काम करायचं. जानेवारी १९५४मध्ये उरलेले ज्यांच्या ताब्यातून आले होते त्यांच्याकडेच परत सोपवले. ८८ जणांना दोन्हीकडे जायचं नव्हतं, ते फेब्रुवारीत आपल्या फौजेबरोबर जहाजानं भारतात आले. सुटका म्हणजे घरी परतणंच असतं असं नाही.

रंगपट | ९ नोव्हेंबर, दुपारी २.००

मी सोलापुरात हौशी नाटकांची वेशभूषा करतो. इतकी माहिती आल्यावर कामाचं बोलतो.

पाकिस्तानी फौज १९७१ला खाकीत होती आणि आपली ऑलिव्ह ग्रीनमध्ये. प्रेक्षकाला फरक एवढ्यावरच कळतो, पट्ट्यांची गरज नाही. पहिल्या प्रवेशात नियाझींच्या खांद्यावरचं हुद्द्याचं चिन्ह काढून आपल्या जनरल अरोरांना देतात, रिव्हॉल्व्हरही देतात. ते चिन्ह बटणावर निघेल असं शिवा, टाक्यानं पक्कं केलंत तर पोरगं स्टेजवर ओढत बसेल. पण छावणीच्या प्रवेशात बाकीच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर चिन्हं असू द्या. न्यायप्रियाताईंनी सांगितलंच आहे.

छावणीतले कपडे जुने दिसायला हवेत. नवं ड्रिल कापड सोड्यात उकळा, दोन दिवस गच्चीवर उन्हात टाका. कोपरावर, गुडघ्यावर ठिगळं लावा, पण ठिगळ नीट चौकोनी आणि हातशिलाईचं हवं. कैद्यांमधल्या शिंप्यानं ते काळजीनं लावलेलं असणार. कमरेचे पाऊच, दारूगोळ्याचे पट्टे काढा. बूट राहू द्या.

आणि अभिनंदन वर्धमान आठवा. २७ फेब्रुवारी २०१९ला पकडले गेले तेव्हा अंगात हिरवा फ्लाइंग सूट होता. १ मार्चला रात्री वाघ्यावरून आले ते ब्लेझर घालून. मुलांनी ते टीव्हीवर पाहिलंय, त्यामुळे तिसऱ्या प्रवेशात कोट मागतील. देऊ नका. तो काळ वेगळा आणि माणूस वेगळा.

न्यायप्रिया | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

सामानाचंही बघा. परत जाताना कैद्याला स्वतःच्या वस्तू नेता येतात. वजनाची मर्यादा घातली तरी प्रत्येकी २५ किलोपर्यंत मुभा द्यावी लागते. म्हणजे तिसऱ्या प्रवेशात मुलं रिकाम्या हातानं येऊ नयेत. पत्रं, कपडे, जमवलेली एखादी वस्तू असं गाठोडं किंवा किटबॅग असावी.

सुईदोरा | १० नोव्हेंबर, रात्री ९.१५

मंडळी, तुमचं सगळं छापून आज शाळेत घेऊन गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी नाटक बसवणाऱ्या सरांना बोलावलं आणि तिघांनी बसून वाचलं. पट्टे रद्द. आता छावणीसाठी खाकी कॉटन ड्रिल, फ्लॅपचे दोन खिसे, खांद्याला बटणाची पट्टी. वाघ्यासाठी ऑलिव्ह ग्रीन, आधीच धुऊन फिकं केलेलं. प्रत्येकाला किटबॅग, ती मी माझ्याकडून देतोय, कापड शिल्लक आहे. ठिगळं मास्टर स्वतः हातानं लावणार, पोरींना मशिनवर लावू द्यायला तयार नाही. सरांनी पारुलकरांचा छोटा प्रसंगही लिहायला घेतलाय, तेव्हा तीन सलवार-कमीज वाढले. कोरडवाहू, तुमच्या मुद्द्यासाठी निवेदनात दोन वाक्यं आली आहेत, एक कैद्यांना लागलेल्या वेळाबद्दल आणि एक आपल्या ५४ जणांबद्दल. आणलेलं पट्ट्यांचं कापड उशांच्या अभ्र्यांना जाईल, नुकसान काही नाही.

एक अडलंय. छावणीत पाकिस्तानी कैदी भारतीय अधिकाऱ्यासमोरून जातो तेव्हा सलाम करतो का? सर म्हणतात करू नये, अपमान वाटेल.

बार्शीचा_जवान | १० नोव्हेंबर, रात्री ९.५०

करायचाच. शिपाई कैदी पकडणाऱ्या फौजेच्या सगळ्या अधिकाऱ्यांना सलाम करतो. कैदी अधिकारी असेल तर त्याच्याहून मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला आणि छावणीच्या प्रमुखाला. समोरच्यानंही उलट सलाम करायचा. यात अपमान नाही, दोन फौजींमधली रीत आहे. तालमीचा वार सांगा, बार्शीहून सकाळच्या एसटीनं येतो. पोरांना सलाम आणि खांद्याच्या पट्ट्या दोन्ही दाखवून जाईन.

सुईदोरा | १० नोव्हेंबर, रात्री १०.०५

काका, शनिवारी अकराला शाळेत ट्रायल आहे. स्टँडवर घ्यायला मी येतो. जेवण आमच्याकडे, मास्टरलाही तुम्हाला भेटायचंय.